बिनखिडकीच्या खोलीतला पिचर

गेल्या महिन्यात अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत एका बारशाला गेलो होतो. पाळण्याला फुगे, बायका आतल्या खोलीत आणि आम्ही पुरुष मंडळी ताटं घेऊन एसीच्या झोताखाली उभे. त्यातल्या एकाने मोबाइल काढला. "हे बघितलंत का? मराठीतून बेसबॉल."

सगळे वाकले. मीही वाकलो, आणि वाकल्यावर कळलं की आपण वाकायला नको होतं. पडद्यावर एक फलंदाज जीव खाऊन बॅट फिरवतो. चेंडू बॅटच्या आसपासही नसतो, तो मागे बसलेल्या खेळाडूच्या हातमोज्यात जाऊन बसतो. अंपायर बाद देतो. आणि नेमक्या त्याच क्षणी एक मराठी आवाज बेंबीच्या देठापासून ओरडतो, "उचलला, उचलला, गेला, सरळ मैदानाबाहेर, काय हाणलाय मायबाप."

मंडळी इतकी हसली की एकाची कोशिंबीर सांडली.

"कोण हा?"

"अरे, तो रास अल खैम्याचा म्हातारा. टाइल्सच्या कारखान्यातला. अमेरिकेत खेळलोय म्हणून सांगायचा. दिसायचं बंद झालं तरी माइक सुटत नव्हता. काढला शेवटी." मग तो माझ्याकडे वळला. "तू होतास ना रे त्याच्या जोडीला? कमाल आहे बाबा तुझी. कसं सहन केलंस?"

माझी बायको दारात येऊन तीच क्लिप बघून हसत होती. जो आवाज चौदा वर्षं तिला दूध संपल्याची बातमी देतोय, तो तिला ओळखू आला नाही. अकरा वर्षांची लेक मात्र गुलाबजाम तोंडाशी धरून थांबली. "बाबा, दॅट साउंड्स लाइक यू."

"जेवून घे," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर मुसाफाच्या सिग्नलला लागेपर्यंत माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. तेव्हा आधी हे लिहून टाकतो: त्या क्लिपमधला आवाज त्या म्हाताऱ्याचा, म्हणजे सरांचा, नाही, माझा आहे. ज्या माणसाने न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून कधी सांगितली नाही, त्याच्या नावावर माझी थाप या अख्ख्या देशातल्या मराठी घरांत फिरतेय. ती थाप त्यांच्या नावावर टाकणारे एसी केबिनमध्ये सुखरूप आहेत. टाकू देणारा मी आहे.

सरांची आणि माझी पहिली भेट दुबईच्या देरा भागातली. बेसबॉलची एक नवी स्पर्धा दुबईत सुरू झाली होती, आणि एका ॲपच्या कंपनीने ती आठ भाषांतून ऐकवायचं ठरवलं होतं. फक्त आवाज, रेडिओसारखं. मराठी आठवी. मला बोलावण्याचं कारण बेसबॉल नव्हतं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन मी करतो आणि मला गप्प बसता येत नाही, अशी माझी ख्याती होती. एकदा पाहुण्या गायिका ट्रॅफिकमध्ये अडकल्या तेव्हा मी स्टेजवर चाळीस मिनिटं त्यांचा जीवनपट सांगितला होता. त्यातली पाच मिनिटं मला माहीत होती. बाई मागच्या दाराने आल्या, शेवटचा भाग ऐकला आणि आयोजकांना विचारलं, "माझ्याआधी अजून कुणी गाणार आहे का?"

पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या एका ऑफिसच्या वर, सहाव्या मजल्यावर, कंपनीने खुराड्यांसारख्या आठ खोल्या केल्या होत्या. भिंतींना काळा फोम, एक टीव्ही, दोन माइक, खिडकी नाही. तिथे हे गृहस्थ बसले होते. साठीच्या जवळ, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि डाव्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत लोकरीचा एक करडा पायमोजा. पुढचं टोक कापून बाहीसारखा चढवलेला.

"सर, हाताला लागलंय का?"

"नाही."

"मग?"

"लागू नये म्हणून."

हा तो हात. तीस वर्षांपूर्वी या हाताने त्यांनी अमेरिकेत अडीच मोसम व्यावसायिक बेसबॉल खेळला होता. सगळ्यात खालच्या पायरीचा, बसने रात्रंदिवस गावोगाव फिरायचा, उकडलेल्या अंड्यांवर जगायचा, पण व्यावसायिक. पिचर म्हणून. आपल्याकडे गोलंदाज म्हणतो तसा, पण तसं म्हटलेलं त्यांना चालत नसे. तेव्हापासून त्या हाताने ते पिशवी उचलत नसत, दार ढकलत नसत, कुणाशी हस्तांदोलन करत नसत. एसीचा झोत त्यावर पडू देत नसत. खेळ कधीच संपला होता. हाताला कळवायचं राहून गेलं होतं.

खेळ का संपला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. "एके दिवशी हात वर गेला, खाली आला, मधे काहीतरी राहून गेलं."

ते मूळचे जळगावकडचे. गावच्या पेपरात त्या वेळी बातमी आली होती, 'बेसबॉलच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेला रवाना'. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज चढायचा. "प्रशिक्षण? भो, मला पगार देऊन बोलावलं होतं. मी शिकायला नाही, लोकांना बाद करायला गेलो होतो." परत आले तेव्हा कुणी विचारलं नाही. कॉलेजात खेळाच्या कोट्यात ॲडमिशन घेणाऱ्या पोरांनी तेवढं विचारलं, सर्टिफिकेट कसं मिळतं म्हणून. मग ते इकडे आले आणि टाइल्सवर टिचकी मारून आवाजावरून तडा ओळखायच्या नोकरीला लागले.

इथल्या मराठी लोकांनी काय वेगळं केलं? काही नाही. बेसबॉल म्हटलं की, "म्हणजे ते हातमोजे घालून लगोरी खेळतात तेच ना?" असं विचारणारे महाभाग मी स्वतः पाहिलेत. त्यातला एक मी होतो. मंडळाच्या क्रीडादिनाला एका व्यावसायिक खेळाडूला आपण काय काम द्यावं? संगीत खुर्चीचे पंच केलं. शेवटची एक खुर्ची, दोन बायका, त्यातल्या एक अध्यक्षांच्या सौभाग्यवती. दोघी एकदम बसल्या. सगळे म्हणाले, वहिनींना द्या आणि मोकळे व्हा. सर म्हणाले, "मला दोघी एकदम बसलेल्या दिसल्या. पुन्हा वाजवा." पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. असं पाच वेळा. बिर्याणी गार झाली. पुढच्या वर्षी सरांना बोलावलं नाही.

'दिसलं तेवढं' हा त्यांचा शब्द. फोन करून विचारावं, "सर, कुठे पोचलात?" तर उत्तर यायचं, "समोर लाल ट्रक आहे. त्याच्यापुढचं दिसत नाही." माझ्या घरी जेवायला आले तेव्हा बायकोने विचारलं, "जेवण कसं झालंय?" सर म्हणाले, "भाजी चांगली आहे. आमटीपर्यंत अजून आलो नाही." भाजीबाजारात डाळिंबं घ्यायला गेले की प्रत्येक डाळिंब बोटांत वेगवेगळं फिरवून धरून बघायचे. दुकानदार वैतागून म्हणायचा, "चाचा, लेना है या फेंकना है?" त्यावर ते प्रामाणिकपणे विचार करत.

असा माणूस समालोचनाला बसवल्यावर काय होणार? पहिल्या शनिवारी लाल दिवा लागला आणि सर म्हणाले, "नमस्कार. सामना दुबईत चालू आहे. आम्हीही दुबईतच आहोत, पण मैदानात नाही. मैदान इथून वीस मिनिटांवर आहे. आम्ही एका खोलीत टीव्ही बघून सांगतोय."

काचेपलीकडे प्रोड्यूसरने डोकं धरलं. दिल्लीकडचा, पस्तिशीचा, सतत चवड्यांवर उभा असल्यासारखा. ब्रेकमध्ये आत आला. "सर, ये क्यों बोलना है? ऑडियन्स को फील आना चाहिए कि आप ग्राउंड पे हो."

"तो ग्राउंड पे भेजो," सर म्हणाले.

मला आजही या गोष्टीचा संताप येतो. इंग्रजीवाले मैदानात, सावलीत, समोर कापलेली फळं. बाकीच्या सात भाषा वीस मिनिटांवर कोंडलेल्या. आणि अख्ख्या आठ भाषांच्या लोकांत हा खेळ प्रत्यक्ष पोटासाठी खेळलेला एकच माणूस होता, तो आमच्या खोलीत. त्याने एक खुर्ची मागितली होती. मैदानात, कुठेही, खांबामागे असली तरी चालेल. तीन वेळा लेखी मागितली. इन्शाल्ला, नेक्स्ट वीक, असं तीन वेळा उत्तर आलं.

वर कंपनीने एक तक्ता पाठवला: श्रोत्यांना समजावं म्हणून होमरनला षटकार म्हणावं, वगैरे. होमरन म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर. सरांनी तक्ता परत केला, खाली एक ओळ लिहून. "षटकाराला सहा धावा असतात, याला एकापासून चारपर्यंत. तुमच्यासाठी खोटं सांगू का चूक?"

मला तक्ता फार आवडला होता. मी सरसकट षटकार मारत होतो. एका सामन्यात मी एका संघाचा डावही घोषित केला. सर शेजारी बसून शांतपणे म्हणायचे, "आत्ता ऐकलंत ते या खेळात नसतं." हे थेट प्रक्षेपणात.

आमचे श्रोते किती होते ते न सांगितलेलं बरं. पण एक होता हे नक्की. चोपड्याच्या बाजूचा सागर नावाचा एक पोरगा एका संघात पिचर होता. बाविशीचा, उंच, लाजरा. त्याच्या वडिलांना, नानांना, इंग्रजी येत नव्हतं आणि हिंदीतून ऐकायला त्यांना मजा वाटत नव्हती. मुलगा परमुलखात काय करतो ते त्यांना फक्त सरांच्या तोंडून कळायचं. कुठून तरी नंबर मिळवून ते सरांना व्हॉइस मेसेज पाठवायचे. "सर, राम राम. पोरगं वाळलंय का दिसायला?"

पुढच्या शनिवारी सर माइकवर म्हणायचे, "सागर बाकावर बसलाय. गालफडं आहेत तशीच आहेत. केळं खातोय." अमेरिकेतल्या अडीच मोसमांत सरांचा स्वतःचा एकही चेंडू घरच्या कुणी पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. हे त्यांनी मला सांगितलं नाही. केळं कोणत्या हातात आहे हे ते ज्या काळजीने सांगायचे, त्यावरून मला कळलं.

आता तो शनिवार. दुपारचा सामना. समोरच्या संघाचे तीन खेळाडू तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवर, उभे. बाद एकही नाही. एक फटका मैदानाबाहेर गेला तर एकदम चार धावा. तिघे बाद केले तरच तो डाव संपणार. अशा वेळी सागरला बोलावलं. तो आला, माती पायाने सारखी केली, पाय वर उचलला, आणि टीव्हीवरचं चित्र तिथेच थांबलं. पाय वर, हात मागे, चेंडू हातात.

सर माइककडे वाकले. "चित्र थां..." आणि त्यांच्या माइकचा लाल दिवा गेला. काचेपलीकडे प्रोड्यूसरचं बोट बटणावर होतं. सरांनी वाक्य पूर्ण केलं, "चित्र थांबलंय मंडळी, सुरू झालं की सांगतो," पण ते फोमने ऐकलं आणि मी ऐकलं. मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

माझ्या कानात आवाज आला, "डेड एअर नहीं चाहिए. बोलते रहो. कुछ भी बोलो."

आणि मी बोललो. हुकूम पाळला असं म्हणून सुटता आलं असतं, पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. समोर शांतता आणि हातात माइक, याहून मला आयुष्यात काही लागत नाही. होमरनच का मारला? सागरवर माझा काही राग नव्हता. तीन जण बाद झाले म्हणावं तर तीन वेळा तीन प्रकारे सांगावं लागतं, आणि मला एकही प्रकार नीट माहीत नव्हता. फटक्यावर मात्र मी हवा तितका वेळ काढू शकतो. मी चेंडू उचलला, ढगांत नेला, मैदानाबाहेर टाकला. लोक नाचवले. एका आजोबांची टोपी उडवली. चार धावा दिल्या. सागरला गुडघ्यावर बसवून तोंड झाकायला लावलं. तो तपशील मला विशेष जमला असं त्या वेळी वाटलं.

चित्र परत आलं तेव्हा संघ बदलत होते आणि कोपऱ्यातल्या आकड्यात एकाही धावेची भर नव्हती. मी म्हणालो, "आणि तिसऱ्या पंचांनी फटका अवैध ठरवला आहे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी इथे वर्णन करणार नाही.

दोन दिवसांत कुणीतरी टीव्हीवरच्या इंग्रजी प्रक्षेपणाचं चित्र आणि माझा आवाज जोडून क्लिप केली. खरं काय घडलं होतं ते तिच्यात सगळ्यांना दिसत होतं. गुरुवारी मीटिंग. प्रोड्यूसर, एचआरच्या एक मॅडम, सर आणि मी. प्रोड्यूसरला पक्कं माहीत होतं आवाज कुणाचा आणि बटण कुणी दाबलं. तो म्हणाला, "प्रॉब्लेम ये है कि सीनियर कॉमेंटेटर चुप हो गए. उसके बाद सब गडबड हुआ."

"माझा माइक बंद केला होता," सर इंग्रजीत म्हणाले. "रेकॉर्डिंग आहे. लावा."

कुणी लावलं नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "यू वेअर देअर. व्हॉट हॅपन्ड?"

खोलीत सगळे गप्प झाले. मी सांगितलं ना, मला ते सहन होत नाही. खरं सांगावं, तर माझं जातं. गप्प बसावं, तर सरांचं जातं. अशा वेळी मधलं काहीतरी बोलून सगळ्यांना खूष करावं ही सूत्रसंचालकाची बुद्धी. मी म्हणालो, "त्या दिवशी सरांना जरा बरं वाटत नव्हतं."

"मला बरं वाटत होतं," सर म्हणाले.

मॅडमनी माझं वाक्य लिहून घेतलं. सरांचं नाही. संध्याकाळी कंपनीचं निवेदन आलं. पहिली ओळ, मराठी समालोचनातल्या चुकीबद्दल दिलगिरी. दुसरी ओळ, ज्येष्ठ समालोचक प्रकृतीच्या कारणास्तव काम थांबवत आहेत. या दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या की वाचणाऱ्याने काय समजायचं? म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, हेच. खोटं एकही अक्षर नाही म्हणे. अशा सफाईदार माणसांपुढे माझा होमरन तरी सरळ म्हणायचा.

लिफ्टमध्ये सहा मजले आम्ही दोघंच होतो. चौथ्याला मला राहवलं नाही. "सर, मी तुम्हाला सावरायला गेलो."

"मी पडलो नव्हतो," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी खोलीत मी एकटा. प्रोड्यूसरने पाठ थोपटली. "हबीबी, फुल एनर्जी." शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि मी ती भरून काढायला दुप्पट बोललो. त्या रविवारी मी कंपनीला मेल केला: आवाज माझा, चूक माझी, सरांचं नाव साफ करा. उत्तर तासाभरात आलं. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. त्यानंतर काही नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच. मोलाचा अभिप्राय.

तिसऱ्या मेलची जुळवाजुळव चालली असताना सरांचा फोन आला. "रास अल खैम्याला ये."

मी निघालो. तासाभराच्या रस्त्यात मी माफीचं भाषण तीनदा घडवलं, सुरुवातीला एक चांगली ओळ, शेवटी आवाज जरा कापरा. त्यांनी दार उघडलं आणि भाषण सुरू करू दिलं नाही. खुर्ची दाखवली, मोबाइल टेबलावर ठेवला आणि नानांचा मेसेज लावला.

"सर, राम राम. पोरगं हरलं त्याचं काही नाही. तुम्ही होमरन सांगितला आणि मी बंदच केलं, पुढचं ऐकवलं नाही. पण त्याचा फोन आला तर हसतोय. म्हणतो, नाना, तिघंच्या तिघं बाद केले. मी म्हटलं, सागर, मी ऐकलंय. तर म्हणतो, ऐकलेलं चुकीचं आहे. सर, तुम्ही कधी चुकीचं सांगता का? तुम्ही तर केळंसुद्धा बघून सांगता. मी त्याला म्हटलं, हरलास तर हरून ये, पण खोटं बोलून येऊ नको. आता तो माझा फोन उचलत नाही. तिकडे गेल्यावर असं होतं का पोरांचं?"

मेसेज संपला. माझं घडवलेलं भाषण मला एका ओळीनेही आठवेना.

सर म्हणाले, "माइक गेला, जाऊ दे. माझ्याबद्दल लोक काय बोलतात ते बोलू दे. पण माझ्या भरवशावर एका बापाने पोराला खोटं ठरवलंय. आणि सांगणारा मी नव्हतो."

टेबलावर लॅपटॉप होता. त्यावर त्या सामन्याचं टीव्हीवरचं इंग्रजी प्रक्षेपण, नेमकं त्या जागी आणून थांबवलेलं. सागरचा पाय वर, हात मागे.

"तुम्ही अजून बघितलं नाहीत?"

"नानांना सांगता सांगता बघणार. आधी तू बोल."

फोन लागला. सरांनी स्पीकर चालू केला. मी घसा साफ केला. "नमस्कार नाना, सर्वप्रथम मी आपणा सर्वांची..."

सरांनी बोट वर केलं.

"नाना," मी म्हणालो, "तो होमरन मी सांगितला. चित्र बंद पडलं होतं. मला काही दिसत नव्हतं. मी मनाने सांगितलं."

"तुम्ही कोण?"

"मी दुसरा समालोचक."

"दोन जण असता तुम्ही?" नाना खरोखर चकित झाले होते. "आम्हाला वाटायचं, सरच मधेमधे ओरडतात."

एवढे शनिवार गेले, आणि त्या घरात माझं अस्तित्व सरांचा एखादा झटका म्हणून होतं. एरवी मी यावर आठवडाभर रुसलो असतो.

"मग पोरगं खरं बोलत होतं?" नानांनी विचारलं. आवाज बदलला होता. "सरांना द्या. सर सांगतील ते मी मानीन."

सरांनी लॅपटॉप जवळ ओढला. बोट बटणावर ठेवलं आणि तसंच थांबवलं. काचेपलीकडचा असता तर मेला असता इतका वेळ ते थांबले. मी गप्प होतो. मला पाणीसुद्धा मागावंसं वाटलं नाही.

"नाना," ते म्हणाले, "मी बघून सांगतो. पण मी सांगितलेलंच हवं, का पोराने सांगितलेलं चालेल?"

नाना हळू म्हणाले, "माझा फोन तो उचलत नाही."

"माझा उचलेल."

सरांनी नानांना फोन धरून राहायला सांगितलं आणि सागरचा नंबर त्यातच जोडला. चौथ्या रिंगला त्याने उचलला. "बोला सर." सर म्हणाले, "नाना लाइनवर आहेत. आधी हा बोलेल." आणि मोबाइल माझ्याकडे सरकवला.

मी माझं नाव सांगितलं. मग काय केलं ते सांगितलं, गुडघ्यावर बसवून तोंड झाकायला लावल्यापर्यंत. चार वाक्यं झाली. विशेषण एकही नव्हतं. माझ्या उभ्या कारकिर्दीतलं ते सगळ्यात लहान निवेदन. सागरच्या बाजूला कुठेतरी नळ वाहत होता, तो कुणीतरी बंद केला.

"सागर," नाना म्हणाले. "मी बंद केलं होतं रे. मला ऐकायचंय. पहिल्या चेंडूपासून सांग."

"नाना, आता काय..."

"सांग."

पोरगा अडखळत सुरू झाला. माती ओली होती, पाय घसरत होता. पहिला चेंडू खालीच गेला. दुसऱ्याला फलंदाज नुसता बघत राहिला. नाना मधेच विचारत, म्हणजे काय, आणि तो थांबून समजावून सांगे. पहिला माणूस बाद झाला तोवर त्याचा आवाज मोकळा झाला होता. दुसऱ्याच्या वेळी नानांनी आतून कुणाला तरी हाक मारली, "इकडे ये, ऐक, लवकर ये."

सरांनी लॅपटॉप मिटला.

"बघायचं नाही का, सर?" मी कुजबुजलो.

"ऐकतोय ना," ते म्हणाले, आणि खुर्ची फोनजवळ ओढून बसले.